वर्गाबाहेर काढलेले मूल जाते कुठे?

शाळेच्या वेळेत, म्हणजे सकाळी अकरा-बाराच्या सुमारास शाळकरी वयाचे मूल ओपीडीत आले, की नाडी पाहण्याआधी मी एक प्रश्न विचारतो. 'काय रे, आज शाळा नाही का?' बहुतेक वेळा उत्तर साधे असते. ताप आहे, पाय मुरगळला, सुट्टी आहे. पण अधूनमधून मूल खाली मान घालते आणि सोबतचे मोठे माणूस उत्तर देते.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत धुळ्याकडचा आठवीतला एक मुलगा असाच आला. वडील जिनिंगमध्ये हमाली करणारे. तक्रार पोटदुखीची, सहा दिवसांपासूनची. माझा प्रश्न ऐकून वडील म्हणाले, 'साहेब, याले शाळामाईन काढी दिधं.' खोदून विचारल्यावर कळले, की नाव काढलेले नव्हते. 'पालकांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही,' एवढेच सांगितले होते. वडील पहाटे सहाला कामावर जाणारे, आई वेचणीला. पोराने घरी सांगितलेच नाही. रोज दप्तर घेऊन निघायचा, एसटी स्टँडवर बसायचा आणि शाळा सुटायच्या वेळेला घरी यायचा. सहाव्या दिवशी गावातल्या कोणीतरी पाहिले, तेव्हा 'पोटात दुखतं' हे उत्तर तयार झाले.

पोट तपासले, त्यात काही नव्हते. आरोप काय होता? सर तीन-तीनदा हाक मारतात तरी उठत नाही, उलट हसतो, उर्मट आहे. मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो आणि हळू आवाजात त्याचे नाव घेतले. त्याने मान वळवली नाही. कानात पाहिले. दोन्ही पडद्यांना छिद्रे, आत पू. लहानपणापासून कान वाहतो, असे वडील म्हणाले; त्यात नवीन काही नाही म्हणून सांगितले नव्हते. उंच म्हणून तो शेवटच्या बाकावर. त्याला ऐकूच येत नव्हते आणि समजले नाही की तो हसून वेळ मारून नेत होता. म्हणजे त्याला सहा दिवसांची शिक्षा मिळाली ती कमी ऐकू येण्याबद्दल.

या सदरात आपण सहसा आजारांबद्दल बोलतो. आज शिक्षेबद्दल बोलायचे आहे, कारण ही शिक्षा माझ्या ओपीडीत पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर अशा नावांनी येते.

'सस्पेंड' हा शब्द आपल्याकडे कॉलेजात किंवा नोकरीत ऐकू येतो. शाळेत त्याचे रूप वेगळे. 'पालकांना आण', 'आठ दिवस तोंड दाखवू नको', 'दाखला हातात देईन', आणि दहावीच्या उंबरठ्यावर, 'तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे'. यातले काहीच सहसा कागदावर येत नाही. हजेरीपटावर त्या दिवशी फक्त 'गैरहजर' लागते. त्यामुळे किती मुलांना, किती दिवस, कोणत्या कारणासाठी बाहेर ठेवले हे मोजताच येत नाही. जे मोजत नाही त्यावर उपचारही होत नाही, हे डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मध्ये नापास न करण्याच्या तरतुदीत बदल झाला, पण काढून न टाकण्याची तरतूद तशीच राहिली. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. छडी गेली हे चांगलेच झाले. पण छडीच्या जागी अनेक ठिकाणी 'घरी जा' आले. कलम १६ कायमचे काढण्याविषयी बोलते. चार-आठ दिवस घरी बसवण्याचे त्यात नाव नाही. आणि नववी-दहावीत, जिथे ही शिक्षा मला सर्वाधिक दिसते, तिथे त्या कलमाचे छत्रही उरत नाही.

आता मूळ प्रश्न. वर्गाबाहेर काढलेले मूल जाते कुठे?

शहरातल्या सुस्थित घरात कदाचित आई-वडील रजा घेतात, बोलतात, शिकवणी लावतात. आपल्याकडे घरात दिवसा कोणी नसते. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत, चोपडा-अमळनेरला वेचणीला, साक्रीकडची कित्येक कुटुंबे तर ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर. 'पालकांना आण' म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडव. मूल हा हिशेब मोठ्यांपेक्षा आधी करते आणि गप्प बसते. मग ते स्टँडवर, नदीकाठी, पानटपरीच्या मागे किंवा सरळ वेचणीला. चार दिवसांची मजुरी हातात पडली, की शाळेत परतण्याचे कारण घरच्यांनाही कमी वाटू लागते.

शिवाय शाळेतून बाहेर पडताना मूल फक्त गणिताचा तास गमावत नाही. आठवीपर्यंतच्या मुलाचा त्या दिवसाचा पोषण आहार जातो. सहावीपासून पुढच्या मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जाते. जंतनाशक गोळीचा दिवस नेमका तोच असेल, तर तीही गेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शासकीय आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते. कान, डोळे, दात, रक्तक्षय, वाढ, वर्तन आणि शिकण्यातल्या अडचणी हे सगळे पाहण्यासाठीच ते पथक आहे. त्या दिवशी हे मूल गैरहजर. ज्याला तपासणीची गरज सर्वांत जास्त, तेच नेमके सुटते.

वर्तनशास्त्राच्या दृष्टीनेही ही शिक्षा उलटी पडते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी वाचनाचा तास हा रोजचा अपमान असतो. गोंधळ घातला की त्या तासातून सुटका होते, हे एकदा कळले की पुढच्या वेळी गोंधळ लवकर होतो. शिक्षकांना वाटते शिक्षा केली. मुलाच्या मेंदूला मिळते बक्षीस. आणि ज्या मुलाला शाळा मनापासून आवडते, त्याच्यासाठी तीच शिक्षा फार खोल जाते. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून एखाद्याला मुद्दाम वगळले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंधित असलेला मेंदूचा भाग त्याच्यात जास्त सक्रिय झालेला दिसला. वाळीत टाकणे दुखते, हे आपल्या गावांना प्रयोगाशिवायही ठाऊक आहे.

मग वर्गातल्या 'वाईट वागण्यामागे' काय काय सापडते? कानाचे उदाहरण सांगितले. आणखी काही सांगतो.

आश्रमशाळेत शिकणारी सातवीची एक मुलगी. तक्रार अशी, की तासाला दोनदा बाहेर जाऊ द्या म्हणते, आठवड्यातून एक-दोन दिवस हातपाय दुखतात म्हणून झोपून राहते, नाटकी आहे. तिला सिकलसेल होता. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता कमी होते, म्हणून तहान जास्त आणि लघवीही वारंवार. हातपायांचे दुखणे तर या आजाराचे मुख्य लक्षण. पावरा, भिल्ल, तडवी अशा समाजांत हा आजार आपल्या भागात आढळतो. २०२३ च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे आणि रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तिला शिक्षा नको होती. पाण्याची बाटली आणि बाहेर जाण्याची परवानगी हवी होती.

तंबाखू. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरताना आढळली. खिशात पुडी सापडली म्हणून मुलाला आठ दिवस घरी पाठवणे म्हणजे त्याला पुडीजवळच पाठवणे. निकोटीन थांबल्यावर चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. वर्गातले ते 'अंगावर येणे' कधी कधी या तलफेचे असते. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. टपरी तिथेच राहते आणि मुलगा घरी जातो, हा न्याय मला पटत नाही.

झोप. शेतीला वीज रात्रपाळीची असली, की बापासोबत पोरगाही पाणी भरायला जातो. सकाळी बाकावर डोके टेकवतो. काही जण रात्रभर मोबाइलवर असतात, तेही खरे. दोघांना एकच शिक्षा मिळते, उपचार मात्र वेगळा लागतो.

आणि खरोखर चंचल असणारी मुले. एडीएचडी म्हणजे अवधान आणि आवेग यांवर ताबा न राहण्याचा विकार जगभरात सुमारे ५ टक्के मुलांत आढळतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी तिघे. वाचन-लेखनाचा विशिष्ट अध्ययन अक्षमता विकार वेगळा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. यातले एकही मूल कपाळावर आजाराचे नाव लिहून वर्गात येत नाही. ते उशिरा येते, उलट बोलते, मारामारी करते.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जाते, ती सांगतो. 'आज शाळा नाही का' हा प्रश्न मी कायम विचारत होतो असे नाही.

काही वर्षांपूर्वी दहावीतला एक मुलगा काकासोबत डोकेदुखीसाठी आला होता. बाहेर रांग मोठी. दोन मिनिटांत रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहिल्या, 'चष्मा तपासून घे' म्हणालो. वार बुधवार, वेळ सकाळची. तो शाळेत का नाही, हे माझ्या मनातही आले नाही. दोन दिवसांनी रात्री तोच मुलगा अपघात विभागात आला. त्याने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला होता. शाळेत दप्तरात मोबाइल सापडला होता, पालकांना आणल्याशिवाय येऊ नको म्हणून सांगितले होते, आणि घरी ते सांगण्याची त्याची हिंमत झाली नव्हती. आठ दिवस अतिदक्षता विभागात राहून तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलेली पहिली गोष्ट होती, 'सर, परीक्षेला बसू देतील ना?'

शाळेला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. तो माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. मी विचारले असते, तर कदाचित त्याने सांगितले असते.

या वयाचा मेंदू समजून घ्यायला हवा. भावना उसळवणारे भाग किशोरवयात जोरात असतात. थांब, विचार कर, उद्या पाहू, असे सांगणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी ओलांडावी लागते. मोठ्यांना जी गोष्ट चार दिवसांची वाटते, ती पंधराव्या वर्षी आयुष्य संपल्यासारखी वाटू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशात १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात १,८३४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. हे सगळे शाळकरी नव्हते, आणि अशा घटनेमागे एकच कारण कधी नसते. पण आधीच अडचणीत असलेल्या मुलाला एकटे पाडू नये, एवढे तरी हा आकडा सांगतो.

बाहेरच्या देशांनी या शिक्षेची मोजणी केली आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सातवीतल्या सुमारे दहा लाख मुलांचा पुढे काही वर्षे माग काढला गेला. अहवाल २०११ मध्ये आला. जवळपास साठ टक्के मुलांना कधी ना कधी वर्गातून दूर ठेवण्याची किंवा काढून टाकण्याची शिक्षा झाली होती. कायद्याने जिथे ती शिक्षा सक्तीची होती अशा घटना फक्त तीन टक्के. बाकी सगळे शाळेच्या मर्जीवर. मर्जीवरच्या अशा शिक्षेनंतर पुढच्याच वर्षी बाल न्याय यंत्रणेपर्यंत जाण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट दिसली, आणि ही तुलना इतर बाबी सारख्या असलेल्या मुलांशी केलेली होती. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शाळाबाह्य निलंबनाविरुद्ध भूमिका घेतली. इंग्लंडमध्ये निलंबन आजही सर्रास होते. २०२३-२४ या एका वर्षात साडेनऊ लाखांवर नोंदी. पण तिथे वर्षाला कमाल ४५ दिवसांची मर्यादा आहे, कारण लेखी द्यावे लागते, पहिल्या पाच दिवसांचा अभ्यास शाळेने द्यायचा आणि सहाव्या दिवसापासून पर्यायी शिक्षणाची सोय करायची. आपल्याकडे यातले काहीच नाही, कारण आपण शिक्षेला शिक्षा म्हणतच नाही.

शिक्षक वाचक इथे मला थांबवतील, आणि त्यांचा हक्क आहे. 'डॉक्टर, तुम्ही एका वेळी एकच मूल पाहता. आमच्यासमोर साठ-सत्तर असतात. एक जण रोज दुसऱ्याला मारतो, मुलींना छेडतो, तेव्हा बाकीच्यांचे काय?' हा प्रश्न खरा आहे. मार खाणाऱ्या मुलाचे आरोग्य हेही आरोग्यच. चाकू निघाला, कोणाला गंभीर इजा झाली, छेडछाड झाली, तर त्या मुलाला इतरांपासून लगेच वेगळे करावेच लागते. प्रसंगी कायद्याप्रमाणे कळवावेही लागते. माझे म्हणणे वेगळे करण्याच्या विरोधात नाही. संसर्गजन्य रुग्णाला आम्हीही वेगळ्या खाटेवर ठेवतो. पण त्याला दवाखान्याच्या गेटबाहेर सोडून येत नाही.

म्हणून वेगळे करायचे तर शाळेच्या आवारातच करावे. ऑफिसशेजारच्या खोलीत, ग्रंथालयात, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, वहीत त्याच दिवसाचा अभ्यास देऊन. तास दोन तास किंवा एखादा दिवस. कारण दोन ओळींत लिहून. परत वर्गात कधी बसायचे ते आधीच सांगून. 'पालक येईपर्यंत' ही मुदत नव्हे. ती मजुराच्या मुलासाठी अमर्याद असते. पालकांना निरोप मुलाच्या हाती न देता शाळेने संध्याकाळी फोन करावा. फोनवर बोलायला मजुरी बुडवावी लागत नाही. आणि त्याच आठवड्यात कान, डोळे, हिमोग्लोबिन, झोप, तंबाखू आणि घरची परिस्थिती, एवढी चौकशी व्हावी. पथकाची वाट न पाहता ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवावे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहे, ते नावापुरते राहणार नाही याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यातली एक. आपल्या शाळेत तो कोण आहे, हे पालकसभेत विचारायला हरकत नाही.

खान्देशाला हे सगळे परके नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. खोल्या अस्वच्छ ठेवणाऱ्या मुलांना बाहेर काढण्याऐवजी ते स्वतः त्या खोल्या झाडत, ही आठवण आपल्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. त्यांचा एवढा धागा मात्र घेता येईल, की मुलाच्या चुकीवर इलाज करायचा तर मूल समोर हवे.

त्या कानवाल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना मी त्याच दिवशी फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, 'हे आमच्या डोक्यातच आलं नाही हो.' दुसऱ्या दिवशी मुलगा पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, म्हणजे मागच्यांना फळा दिसेल असा. कान कोरडे ठेवणे, थेंब, आणि पुढे एका कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो नववीत आहे. पोटदुखी पुन्हा झाली नाही. मारामारी एकदा झाली, तेव्हा दिवसभर ऑफिसात बसून त्याने भूगोलाचे दोन धडे लिहून काढले.

पालकांना एक सांगणे. मूल सलग काही दिवस पोट दुखते, डोके दुखते म्हणत असेल, दप्तर घेऊन निघते पण वह्या कोऱ्या असतील, किंवा शाळेच्या वेळेत गावात कोणी पाहिल्याचे कानावर आले, तर आधी आवाज चढवू नका. जवळ बसवून विचारा, 'शाळेत काय झालं?' उत्तर ऐकून घ्या, मग शाळेत फोन करा. मूल फार गप्प झाले असेल, जगण्याबद्दल निराशेचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, तर बालकांच्या मदतीसाठीचा १०९८. दोन्ही दिवसरात्र चालू असतात. आणि सरकारी रुग्णालयात कोणत्याही वेळी या. तिथे एखाद्या डॉक्टरने मुलाला 'आज शाळा नाही का' असे विचारले, तर कृपया खरे उत्तर द्या.